घरच्या टेबलावरची लॅब: ऑनलाइन इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकणारे विद्यार्थी प्रॅक्टिकल कसं करतात?

लेक्चर मोबाइलवर ऐकता येतं. नोट्स पीडीएफमध्ये येतात. परीक्षाही कॅमेऱ्यासमोर बसून देता येते. पण इंजिनिअरिंग ऑनलाइन शिकता येतं असं कुणी म्हटलं की घरातलं जाणतं माणूस हमखास एक प्रश्न विचारतं, "मग प्रॅक्टिकलचं काय?"

प्रश्न योग्यच आहे. ज्याने कधी हातात मल्टिमीटर धरला नाही, चुकीच्या जोडणीमुळे गरम झालेल्या रेझिस्टरचा चटका ज्याला बसला नाही, त्याला इलेक्ट्रिकल इंजिनिअर कसं म्हणायचं? या प्रश्नावर जगातल्या काही विद्यापीठांनी शोधलेलं एक उत्तर म्हणजे 'होम लॅब', म्हणजे विद्यार्थ्याच्या घरी, अभ्यासाच्या टेबलावर मांडलेली प्रयोगशाळा.

ही लॅब नेमकी कशी असते? तिथे काय शिकता येतं आणि काय येत नाही? आणि भारतातल्या विद्यार्थ्याने अशा अभ्यासक्रमाकडे बघताना कोणती काळजी घ्यायला हवी?

पोस्टाने आलेली प्रयोगशाळा

घरी प्रयोग करायची कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ साली शिकवायला सुरुवात केली, तेव्हा विज्ञानाच्या पायाभूत अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचं साहित्य पेटीत भरून घरी पाठवलं जायचं. या साहित्यात हातात मावणारा मॅकआर्थर मायक्रोस्कोपही होता. लेक्चर टीव्ही आणि रेडिओवर, पुस्तकं पोस्टाने आणि प्रयोग स्वयंपाकघरातल्या टेबलावर, अशी ती पद्धत होती.

इंटरनेट आल्यावर दुसरा मार्ग निघाला. १९९८ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 'वेबलॅब' सुरू झाली. खरा ट्रान्झिस्टर आणि खरं मोजमापाचं यंत्र एमआयटीत ठेवलेलं असे आणि विद्यार्थी ब्राउझरमधून त्याला आज्ञा देऊन त्याची मोजमापं मिळवत. त्याच सुमाराला स्वीडनमधल्या ब्लेकिंगे तंत्रज्ञान संस्थेतही दूरवरून चालवता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेचं काम सुरू झालं. त्यातूनच पुढे 'व्हिझिर' ही यंत्रणा उभी राहिली.

तिसरा टप्पा यंत्रं लहान झाल्यामुळे आला. पूर्वी ऑसिलोस्कोप म्हणजे टेबल अडवणारा जड खोका. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तेच काम तळहातावर मावणारी यूएसबी उपकरणं करू लागली. २०१३ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी ऑनलाइन उपलब्ध करून दिली. अमेरिकेत इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या 'अ‍ॅबेट' या संस्थेची मान्यताही त्या अभ्यासक्रमाला आहे. पुढे २०२० मध्ये कोव्हिडमुळे जगभरची कॉलेजं बंद पडली, तेव्हा नेहमी वर्गात शिकवणाऱ्या अनेक प्राध्यापकांनाही विद्यार्थ्यांच्या घरी किट पाठवावी लागली.

सिम्युलेशन, रिमोट लॅब आणि होम लॅब यांत फरक काय?

हे तीन शब्द जाहिरातीत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रत्यक्षात ही तीन वेगवेगळी कामं आहेत.

सिम्युलेशन: कॉम्प्युटरवर सर्किट काढायचं आणि गणिताने त्याचं उत्तर मिळवायचं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रात तयार झालेला 'स्पाइस' हा प्रोग्राम आजच्या बहुतेक सर्किट सिम्युलेटरांचा पूर्वज. 'एलटीस्पाइस' फुकट मिळतो. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने तयार केलेलं 'ईसिम' हे सॉफ्टवेअर तर मुक्त आहे. इथे काहीही जळत नाही. तोच फायदा आणि तीच मर्यादा.

रिमोट लॅब: यंत्र खरं, पण ते दुसऱ्या गावात. विद्यार्थी इंटरनेटवरून ते चालवतो. महागडी उपकरणं अनेकांना वापरता येतात. पण वायर जोडण्याचं काम एकतर आधीच झालेलं असतं, नाहीतर स्विचांची यंत्रणा ते करते.

होम लॅब: सुटे भाग, वायरी, मोजमापाचं उपकरण, सगळं विद्यार्थ्याच्या हातात. जोडायचं त्याने, चुकायचं त्याने आणि चूक शोधायचीही त्यानेच.

याशिवाय चौथा, मिश्र मार्ग आहे. लेक्चर वर्षभर ऑनलाइन आणि प्रॅक्टिकलसाठी काही दिवस कॅम्पसवर हजेरी. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा विद्यापीठात इंजिनिअरिंगचे दूरस्थ विद्यार्थी उन्हाळ्यात कॅम्पसवर येऊन लॅब पूर्ण करतात.

पेटीत काय असतं?

इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांच्या सर्किट आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगांना लागणारं सामान एका चपलांच्या खोक्यात मावतं.

• ब्रेडबोर्ड: सोल्डरिंग न करता सर्किट जोडायचा छिद्रांचा पाट. नेहमीच्या मोठ्या ब्रेडबोर्डला ८३० छिद्रं असतात आणि दोन छिद्रांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर असतं.
• सुटे भाग: रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर, डायोड, एलईडी, ट्रान्झिस्टर, ऑप-अँप, ५५५ टायमर, लॉजिक आयसी. प्रत्येकाचे जास्तीचे नग हवेतच, कारण काही जळणार हे ठरलेलं.
• डिजिटल मल्टिमीटर: व्होल्टेज, करंट आणि रोध मोजायला.
• यूएसबी मोजमाप उपकरण: ऑसिलोस्कोप, फंक्शन जनरेटर आणि पॉवर सप्लाय एकाच डबीत.
• जंपर वायरी, चिमटे, वायर सोलायचं हत्यार आणि पुढच्या अभ्यासासाठी अर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड.

यातला खर्चिक भाग यूएसबी उपकरणाचा. डिजिलंट कंपनीचं 'अ‍ॅनालॉग डिस्कव्हरी २' अशा अभ्यासक्रमांत बरंच वापरलं गेलं. त्यात ऑसिलोस्कोपच्या दोन वाहिन्या आहेत. उपकरण सेकंदाला १० कोटी नमुने घेऊ शकतं आणि उणे २५ ते अधिक २५ व्होल्टपर्यंतचा सिग्नल वाचू शकतं. त्यातला जनरेटर उणे ५ ते अधिक ५ व्होल्टपर्यंतच्या लहरी तयार करतो. शिवाय डिजिटल सिग्नलसाठी १६ वाहिन्या आहेत. मोठ्या लॅबमधल्या तीन-चार यंत्रांचं विद्यार्थ्याला लागेल एवढं काम हे एकच उपकरण करतं.

भारतातही असं काम झालं आहे. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने शाळा-कॉलेजांसाठी 'एक्सपआइज' हे उपकरण तयार केलं. त्याचं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही मुक्त आहे, म्हणजे त्याची रचना कुणालाही पाहता येते. अगदीच पैसे नसतील तर लॅपटॉपचं साउंड कार्डही साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंतच्या लहान सिग्नलसाठी ऑसिलोस्कोपसारखं वापरता येतं. पण ते स्थिर डीसी व्होल्टेज दाखवत नाही आणि जास्त व्होल्टेज लागलं तर लॅपटॉपच बिघडतो.

सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली विद्यार्थ्यांच्या ओळखीची आहे. इतर गावांतले विद्यार्थी आता ऑनलाइन मागवतात.

कागदावर १५९, टेबलावर १८०

होम लॅबमध्ये नेमकं काय शिकायला मिळतं, हे एका साध्या प्रयोगावरून कळतं.

१० किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून लो-पास फिल्टर तयार करायचा. हा फिल्टर कमी वारंवारतेचे सिग्नल पुढे जाऊ देतो आणि जास्त वारंवारतेचे दाबतो. सूत्राप्रमाणे त्याची सीमारेषा येते १५९ हर्ट्झ. सिम्युलेटरही १५९ च सांगतो.

टेबलावर तोच फिल्टर जोडला आणि उत्तर १८० हर्ट्झ आलं. चूक कुणाची?

बहुधा कुणाचीच नाही. कपॅसिटरवर ०.१ मायक्रोफॅरड छापलेलं असलं तरी त्याची खरी किंमत १० टक्क्यांनी इकडेतिकडे असणं सामान्य आहे. रेझिस्टरची ५ टक्क्यांनी. कपॅसिटर प्रत्यक्षात ०.०९ मायक्रोफॅरड आणि रेझिस्टर ९.८ किलोओहम निघाला, तर गणिताने उत्तर बरोबर १८० च्या आसपास येतं. विद्यार्थ्याने रेझिस्टर मल्टिमीटरने मोजून घेतला आणि मग हिशेब पुन्हा केला, की त्याला कळतं की छापील आकडा हा अंदाज असतो आणि त्या अंदाजाला ठरलेली मर्यादा असते. उद्या कारखान्यात हजार नग तयार करताना हीच गोष्ट कामी येते.

दुसरा प्रयोग आणखी सोपा आणि आणखी फसवा. १ मेगाओहमचे दोन सारखे रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे आणि त्यांना ५ व्होल्ट द्यायचे. मधल्या बिंदूवर निम्मे, म्हणजे २.५ व्होल्ट मिळायला हवेत. मल्टिमीटर दाखवतो २.३८. यूएसबी ऑसिलोस्कोप दाखवतो १.६७. सर्किट तेच, बॅटरी तीच, मग तीन आकडे कसे?

कारण मोजणारं यंत्रही सर्किटचा भाग बनतं. नेहमीच्या डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध १० मेगाओहम असतो आणि वर सांगितलेल्या ऑसिलोस्कोपचा १ मेगाओहम. खालच्या रेझिस्टरला हा रोध समांतर जोडला गेला की व्होल्टेज खाली येतं. याला 'लोडिंग इफेक्ट' म्हणतात. पुस्तकात त्याची व्याख्या दोन ओळींत संपते. टेबलावर मात्र तो अर्धा तास डोकं खातो आणि मग जन्मभर विसरला जात नाही.

लॅबने नेमकं काय शिकवायचं असतं?

हा प्रश्न अमेरिकेत गांभीर्याने विचारला गेला, तो ऑनलाइन शिक्षणामुळेच. लॅब घरी नेली तर काही हरवतं का, हे ठरवायला लॅबमध्ये मुळात काय मिळतं हे माहीत हवं. त्यासाठी २००२ च्या जानेवारीत सॅन दिएगोमध्ये इंजिनिअरिंगचे शिक्षक एकत्र बसले आणि त्यांनी लॅबची १३ उद्दिष्टं ठरवली. लाइल फायझेल आणि अल्बर्ट रोझा यांनी २००५ साली ती एका शोधनिबंधात मांडली आणि तेव्हापासून या विषयावरच्या चर्चेत ती सतत समोर येतात.

उपकरणं हाताळणं, सिद्धांताची प्रत्यक्षाशी तुलना, प्रयोगाची आखणी, आकड्यांचं विश्लेषण आणि डिझाइन ही उद्दिष्टं अपेक्षित आहेत. पण यादीत आणखी काही गोष्टी आहेत. अपयशातून शिकणं. हाताचं कौशल्य. सुरक्षितता. संवाद. एकत्र काम करणं. प्रामाणिकपणा. आणि डोळे-कान-नाक वापरून यंत्राचा अंदाज घेणं.

या यादीसमोर होम लॅब ठेवली की तिची ताकद आणि कमजोरी दोन्ही दिसतात.

हाताचं कौशल्य आणि अपयशातून शिकणं यांत होम लॅब नेहमीच्या लॅबच्या पुढे जाऊ शकते. कॉलेजात चार-पाच जणांच्या बॅचमध्ये एकजण वायरी जोडतो, दुसरा रीडिंग घेतो आणि बाकीचे ते जर्नलमध्ये उतरवतात, हे अनेकांनी अनुभवलेलं असतं. दोन तास संपले की टेबल सोडावं लागतं. सर्किट चाललं नाही तर लॅब असिस्टंट येऊन वायर नीट करून जातो. घरी जोडणारा एकटाच असतो आणि घड्याळही त्याचंच. रात्री अकरा वाजता सर्किट पहिल्यांदा चालतं तेव्हा ते कुणी चालवलं याबद्दल शंका उरत नाही.

एकत्र काम करणं मात्र घरी कमी पडतं. शेजारच्या टेबलावरची चूक बघून शिकणं नाही, सरांनी जाता जाता "ग्राउंड बघ" म्हणणं नाही. म्हणून चांगल्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या जातात, व्हिडिओ कॉलवर ठरलेल्या वेळी मदतीचे तास ठेवले जातात आणि एकाने केलेली मोजमापं दुसऱ्याने तपासायची असतात.

सर्किट चालत नाही तेव्हा

होम लॅबची खरी कसोटी इथे लागते. एकट्या विद्यार्थ्यासमोर न चालणारं सर्किट असतं आणि शेजारी विचारायला कुणी नसतं. इथे तो शोध घ्यायला शिकतो, नाहीतर कंटाळून किट कपाटात ठेवून देतो. म्हणून दोष शोधायची पद्धत प्रयोगाइतक्याच नेटाने शिकवावी लागते. सुरुवातीच्या बहुतेक चुका ठरलेल्या असतात.

• सप्लाय सुरू आहे, पण व्होल्टेज आयसीच्या पायापर्यंत पोहोचतंय का? अनेक मोठ्या ब्रेडबोर्डांची कडेची पट्टी मध्यावर तुटलेली असते. अर्ध्या भागाला वीज मिळते, अर्ध्याला नाही.
• सगळ्या उपकरणांचं ग्राउंड एकमेकांना जोडलंय का? हे राहिलं तर ऑसिलोस्कोपवर काहीतरी वेडंवाकडं दिसत राहतं.
• वायर एक ओळ सरकली आहे का?
• आयसी उलटी बसवली आहे का? खाच किंवा ठिपका असलेल्या बाजूने पाय क्रमांक १ मोजायचा असतो.
• रेझिस्टर बरोबर आहे का? तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम, तपकिरी-काळा-केशरी म्हणजे १० किलोओहम. मंद उजेडात लाल आणि केशरी रंग सारखेच दिसतात, म्हणून मोजून घेणं बरं.
• मल्टिमीटरची लाल वायर करंटच्या खाचेत राहिली आहे का? तशीच ती व्होल्टेज मोजायला लावली तर सप्लाय शॉर्ट होतो आणि मीटरचा फ्यूज उडतो.

यामागचं सूत्र एकच. सगळं उचकटून पुन्हा जोडायचं नाही. सप्लायपासून सुरुवात करून एकेक बिंदू मोजत पुढे जायचं आणि अपेक्षित आकडा कुठे चुकतो ते गाठायचं. पुढे नोकरीत बंद पडलेल्या मशीनसमोर उभं राहिल्यावरही हेच करायचं असतं.

प्रयोग त्यानेच केला, हे कसं कळणार?

घरी केलेल्या प्रयोगाबद्दल पहिली शंका कॉपीची असते. रीडिंग छापायची सवय कॉलेजातल्या जर्नलनाही आहे, पण घरी तर बघणारंच कुणी नसतं. यासाठी काही उपाय रुळले आहेत.

प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळ्या किमतीचे भाग दिले जातात, उदाहरणार्थ हजेरी क्रमांकाच्या शेवटच्या अंकांवरून रेझिस्टर ठरतो. त्यामुळे मित्राचे आकडे जुळत नाहीत. सर्किट चालू असतानाचा व्हिडिओ द्यावा लागतो, ज्यात ब्रेडबोर्ड, स्क्रीन आणि विद्यार्थी तिन्ही दिसतात. कॅमेऱ्यासमोर तोंडी परीक्षा होते आणि शिक्षक तिथल्या तिथे सांगतात, "आता हा कपॅसिटर बदल. आधी काय होईल ते सांग, मग करून दाखव." ज्याने प्रयोग केलाय त्याला हे जमतं. ज्याने केला नाही त्याचा हात ब्रेडबोर्डवर घुटमळतो.

एक खूण शिक्षकांना लवकर कळते. खऱ्या मोजमापात थोडी गडबड असते. सगळे बिंदू वक्ररेषेवर अचूक बसलेले दिसले तर ते सूत्रातून काढलेले असण्याची शक्यता जास्त. चांगला अहवाल आकडे सूत्राशी किती जुळले यापेक्षा का जुळले नाहीत हे सांगतो. म्हणून गुण देतानाही त्या स्पष्टीकरणाला वजन द्यावं लागतं. तसं न करता 'बरोबर उत्तराला' गुण दिले, तर विद्यार्थी बरोबर उत्तर छापायलाच शिकतो.

सुरक्षितता: भिंतीतल्या सॉकेटला हात नाही

होम लॅबचा पहिला नियम म्हणजे प्रयोग कमी व्होल्टेजवरच करायचे. ५ किंवा ९ व्होल्टवर बहुतेक संकल्पना शिकता येतात. भारतात घरात २३० व्होल्ट वीज येते, पण तो सरासरी धरण्याचा एक प्रकार आहे. लहरीच्या टोकाला ते व्होल्टेज सुमारे ३२५ व्होल्ट असतं. असा शॉक जीव घेऊ शकतो आणि घरी एकट्या असलेल्या विद्यार्थ्याजवळ मेन स्विच बंद करायलाही कुणी नसतं.

यूएसबी ऑसिलोस्कोप सॉकेटला लावून 'घरातली वीज बघायचा' मोह अनेकांना होतो. तो टाळायलाच हवा. अशा उपकरणाचं ग्राउंड यूएसबीतून थेट लॅपटॉपला जोडलेलं असतं. उपकरण जळेल, लॅपटॉप जळेल आणि लॅपटॉपवर हात असलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. रेक्टिफायरचा प्रयोग करायचा असेल तर जनरेटरची कमी व्होल्टेजची लहर पुरते.

बाकीचे नियमही पाळायला सोपे आहेत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा जोडला तर फुटू शकतो, म्हणून सप्लाय देण्यापूर्वी खूण बघायची. लिथियमचे सेल शॉर्ट झाले तर पेट घेतात, त्यामुळे सुरुवातीला ते वापरूच नयेत. सोल्डरिंगचं टोक ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापतं. डाग देताना खिडकी उघडी ठेवायची, शिशाचं सोल्डर असेल तर हात धुवायचे आणि त्या टेबलावर खायचं नाही. घरात लहान मूल असेल तर काम संपताच सगळं खोक्यात आणि खोका वर.

घरी काय होऊ शकत नाही?

इथे इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिकल यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. सर्किट, अ‍ॅनालॉग आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल, मायक्रोकंट्रोलर आणि कंट्रोल सिस्टिमचा बराच भाग घरी होतो. छोटी डीसी मोटर आणि एक बोर्ड एवढ्यावर वेग नियंत्रणाचा चांगला प्रयोग होतो.

पण थ्री-फेज इंडक्शन मोटर, अल्टरनेटर, मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या चाचण्या, संरक्षक रिले आणि उच्च दाबाची उपकरणं घरी नेता येत नाहीत. नेऊही नयेत. मोटर भाराखाली आल्यावर तिचा बदललेला आवाज किंवा तापलेल्या इन्सुलेशनचा वास या गोष्टी स्क्रीनवरून कळत नाहीत. ज्याला वीज मंडळात, उपकेंद्रात किंवा कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात काम करायचंय, त्याला या यंत्रांजवळ उभं राहावंच लागतं. एखादा अभ्यासक्रम पॉवर सिस्टिमच्या सगळ्या लॅब फक्त सिम्युलेशनवर भागवत असेल, तर तिथे काहीतरी निसटतंय.

आणखी एक अडचण साधी पण मोठी आहे. घरची लॅब घरावर अवलंबून असते. स्वतःचं टेबल, चालणारा लॅपटॉप, न जाणारी वीज आणि अर्धवट सर्किट दोन दिवस तसंच ठेवता येईल एवढी जागा प्रत्येकाकडे नसते. कॉलेजची लॅब सगळ्यांना एकच टेबल देते. म्हणून किट कोण देणार, परत घेणार की विकत घ्यायला लावणार आणि जळालेला भाग किती दिवसांत मिळणार, हे प्रश्न अभ्यासक्रमाइतकेच महत्त्वाचे आहेत.

भारतात अशी पदवी मिळते का?

इथे नीट थांबून वाचायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या नियमावलीनुसार इंजिनिअरिंगचा पदवी अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई आहे. मुख्य कारण प्रॅक्टिकल हेच.

यामागे कटू अनुभवही आहे. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मंजुरी न घेता दूरस्थ पद्धतीने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यावर निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना परीक्षा देऊन त्या टिकवायची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. पदवीच्या जोरावर नोकरी आणि बढती मिळवलेली माणसं त्यात अडकली.

मग भारतात या दिशेने काहीच नाही का? आहे, पण वेगळ्या रूपात. आयआयटी मद्रासने २०२३ साली इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्समधला बीएस अभ्यासक्रम सुरू केला. त्याची शिकवणी ऑनलाइन होते, पण लॅबसाठी विद्यार्थ्यांना चेन्नईच्या कॅम्पसवर जावं लागतं. आणि ही पदवी बीएस आहे, बीटेक नाही. केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्स' प्रकल्पात आयआयटी दिल्ली, आयआयटी मुंबई आणि पुण्याच्या सीओईपीसारख्या संस्थांनी तयार केलेले प्रयोग घरबसल्या करता येतात. ते सरावासाठी उत्तम आहेत, पण त्यातून पदवी मिळत नाही.

त्यामुळे आपल्याकडे होम लॅबचा सर्वात चांगला उपयोग आहे तो नियमित कॉलेजात शिकणाऱ्यांना. डिप्लोमा किंवा बीईचा जो विद्यार्थी बॅचमध्ये मागे उभा राहतो, त्याच्यासाठी एक ब्रेडबोर्ड, एक मल्टिमीटर आणि थोडे सुटे भाग पुरेसे आहेत. लॅबमध्ये जे बघितलं ते घरी एकदा स्वतः जोडून पाहायचं.

प्रवेश घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

परदेशातला किंवा इथला, कोणताही ऑनलाइन इंजिनिअरिंग अभ्यासक्रम समोर आला तर पैसे भरण्यापूर्वी ही उत्तरं लेखी मिळवावीत.

• पदवीचं नेमकं नाव काय? बीई-बीटेक की दुसरं काही?
• भारतात तिला मान्यता किंवा समकक्षता आहे का? सरकारी नोकरीसाठी, एमटेकसाठी चालेल का? परदेशी संस्थेची मान्यता म्हणजे भारतातली मान्यता नव्हे.
• किती लॅब खऱ्या उपकरणांवर होतात आणि किती फक्त सिम्युलेशनवर?
• थ्री-फेज यंत्रं आणि पॉवरच्या लॅब कुठे होतात? त्यासाठी प्रवास आणि राहण्याचा खर्च कुणाचा?
• किटचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा? परदेशातून येणार असेल तर कस्टम ड्युटी कोण भरणार?
• सर्किट चाललं नाही तर मदत कुणाकडून आणि किती वेळात?

यातल्या शेवटच्या प्रश्नाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. किट पाठवणं सोपं असतं. पण सर्किट अडल्यावर विद्यार्थ्याला उत्तर न सांगता चूक शोधायला लावणारा शिक्षक नसेल, तर ती पेटी दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत माळ्यावर जाते.